साठवण आणि गळती

संगणकशास्त्रात ‘मेमरी लीक’ म्हणजे स्मृतीची गळती म्हणतात, ती पाण्याच्या गळतीहून वेगळीच असते. टाकी गळली की रिकामी होते. इथे प्रोग्राम घेतलेली जागा परत करत नाही आणि टाकी भरत जाते. ‘तुंबणं’ हा शब्द मला जास्त योग्य वाटतो, पण रूढ झाला तो गळतीच. ४ नोव्हेंबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची संगणक प्रणाली अशीच बंद पडली. प्रोग्राममध्ये राहून गेलेल्या एका तुकड्यामुळे गाडी रवाना करण्याच्या प्रत्येक वेळी थोडी स्मृती अडकून राहत होती. तीन आठवड्यांत सगळी संपली.

वेब अॅप्लिकेशनमध्ये या दुखण्याचं एक सामान्य कारण म्हणजे कॅश. एकदा कष्टाने काढलेलं उत्तर हाताशी ठेवायचं आणि पुन्हा तोच प्रश्न आला की तेच द्यायचं. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली प्रोसेसरसाठी ही कल्पना मांडली होती. आमच्या रहिमतपुरात रणदुल्लाखानाच्या मकबऱ्याजवळ हत्तीमोटेचा उंच मनोरा आहे. मशिदीच्या कारंजासाठी हत्तीकडून पाणी वर चढवत, असं सांगतात. एकदा वर चढवलेलं पाणी मग हवं तेव्हा खाली सोडता येतं. कॅशचा हिशेब तोच.

इथेच घरी बसून मी एका संस्थेचं बाजारभावाचं अॅप्लिकेशन सांभाळायला घेतलं. आलं, घेवडा, सोयाबीन यांचे दर शेतकरी संध्याकाळी त्यावर पाहतात आणि माल उद्या काढायचा की थांबायचं हे ठरवतात. ते दर तीन-चार दिवसांनी कोसळे. आधीच्या कंत्राटदाराने उपाय केला होता तो रोज रात्री दोन वाजता सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्याचा. सणासुदीत वर्दळ वाढली, तसं ते रात्रीची वाट न पाहता भर संध्याकाळी, सर्वांना दर हवे असतानाच पडू लागलं.

आधी आलेख पाहावा. निरोगी अॅप्लिकेशनची स्मृती करवतीच्या दातांसारखी वर-खाली होते. इथे प्रत्येक दाताचा तळ आधीच्यापेक्षा वर होता. मग तासाभराच्या अंतराने हीप स्नॅपशॉट, म्हणजे स्मृतीत काय काय पडलंय याच्या दोन नोंदी घेतल्या आणि फरक काढला. वाढलेलं जवळजवळ सगळं एकाच कोशात होतं: दरांची तयार पानं.

दोष किल्लीत होता. पान ठेवताना संपूर्ण वेबपत्ता किल्ली म्हणून वापरला होता, आणि मोबाईल अॅप त्या पत्त्याला दर वेळी सेकंदापर्यंतची वेळ जोडत होतं. म्हणजे प्रश्न तोच, किल्ली नवी! एक पान २० किलोबाइटचं. दिवसाला २५,००० नव्या किल्ल्या म्हणजे सुमारे ५०० मेगाबाइट, आणि त्यातलं एकही पान पुन्हा कुणी मागणार नाही. सर्व्हरची स्मृती होती २ गिगाबाइट.

‘गार्बेज कलेक्टर असतो ना?’ हा प्रश्न हमखास येतो. लिस्प भाषेतून आलेली ही सोय कुणीच धरून न ठेवलेल्या वस्तू काढून टाकते. इथे कोशाने प्रत्येक पान घट्ट धरलेलं होतं. माळ्यावरची अडगळ केरवाला नेत नाही, कारण घरमालकाच्या लेखी ती अडगळ नसतेच.

म्हणून किल्ली आधी सुधारली: बाजार समिती, शेतमाल, तारीख, बस. ३० समित्या आणि ४० शेतमाल धरले तरी दिवसाच्या १,२०० नोंदी, म्हणजे २४ मेगाबाइट. शिवाय २,००० नोंदींची कमाल मर्यादा घातली. ती ओलांडली की सर्वांत जास्त काळ कुणी न मागितलेली नोंद आधी जाते. नुसती मुदत पुरत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कित्येक साध्या कोशांत मुदत संपलेली नोंद पुन्हा मागितली तरच काढली जाते. जी कुणी मागणारच नाही, ती तशीच पडून राहते. कोश रेडिससारख्या वेगळ्या सेवेत हलवणं हाही पूर्ण उपाय नव्हे. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर रेडिसला मूळ मांडणीत मर्यादाच नसते, ती आपण घालावी लागते. उलट मेमकॅश्ड ६४ मेगाबाइटची मर्यादा घेऊनच सुरू होतं. पायथनच्या ‘एलआरयू कॅश’मध्येही मूळ मर्यादा १२८ नोंदींची आहे, ती काढून ‘अमर्याद’ लिहिणारे हात मात्र पुष्कळ.

मुदत तरीही ठेवली, पण वेगळ्या कारणासाठी. दुपारी आल्याचा दर उतरला आणि कोश सकाळचाच आकडा दाखवत राहिला, तर सर्व्हर धडधाकट असूनही शेतकरी फसतो. आजच्या दरांना १० मिनिटं दिली; कालच्या दरांना २४ तास, कारण ते आता बदलायचे नाहीत. रात्री दोनचं बंद-चालू मी काढून टाकलं.