सेवाभिमुख संरचना : अंगीकार आणि नियमन

संस्थेच्या संगणकीय कार्याची स्वतंत्र व पुनर्वापरयोग्य सेवांमध्ये केलेली विभागणी म्हणजे सेवाभिमुख संरचना होय. प्रवेश, परीक्षा व लेखा विभागांनी विद्यार्थ्याची माहिती वेगवेगळी न नोंदवता एकाच सेवेकडून घेणे, हे तिचे मर्म. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी आलेली ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ याच तत्त्वाशी जवळीक साधते. तीत एक संस्था श्रेयांक जमा करते व दुसरी ते तेथूनच घेते. तथापि १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठासारख्या, अनेक महाविद्यालये संलग्न असलेल्या संस्थेत उत्तरदायित्वाचा प्रश्न तंत्रज्ञानाहून बिकट ठरतो. विद्यार्थ्याचे नाव चुकल्यास दुरुस्ती कोणी करावी? प्रत्येक सेवेचा जबाबदार विभाग, वापराचे अधिकार व बदलाची पूर्वसूचना लेखी निश्चित नसल्यास एक चूक सर्व विभागांत पसरते आणि विद्यार्थी खेटे घालत राहतो. म्हणून नियमनाची चौकट अंगीकारापूर्वीच ठरवणे इष्ट होय.