लिंबाच्या पानाचे परावर्तन व रोगनिदान

कृष्णा-पंचगंगेच्या संगमानजीक कुरुंदवाडसारख्या गावी परसातील कागदी लिंबाची पाने पिवळी पडू लागली, तर त्याचा अर्थ काय लावावा? चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त मुळांस दुर्लभ होते. कारण तेवढेच असेल तर जस्ताची फवारणी पुरे. परंतु कारण ‘ग्रीनिंग’ रोग असेल तर झाड उपटणेच प्राप्त. त्यावर खात्रीचा उपाय नाही आणि रोग शेजारच्या झाडांत पसरतो. निदान चुकल्यास वाचू शकणारे झाड तरी जाते, नाही तर सारी बाग.

हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश काही अंशी परततो. ७५० च्या पलीकडे, अवरक्त पट्ट्यात, हरितद्रव्याचे शोषण उरत नाही आणि पानातील पेशी व हवेच्या पोकळ्या मिळून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे निम्मा भाग परतवितात. या दोहोंमध्ये परावर्तनाच्या आलेखास तीव्र चढ असतो. हरितद्रव्य घटले की तांबड्या पट्ट्यातील परावर्तन वाढते व हा चढ लघुतर तरंगलांबीकडे सरकतो.

मेख आहे ती येथेच. हरितद्रव्य घटले एवढेच यावरून कळते. कशामुळे, ते नव्हे. जस्ताच्या अभावात मध्यशिरेच्या दोन्ही अंगांस सारखाच पिवळेपणा येतो, ग्रीनिंगमध्ये डाग विषम असतात. डोळ्यास दिसणारा हा भेद, पानाची सरासरी घेणारे उपकरण मात्र पुसून टाकते!

तेव्हा रोगाच्या अंतरंगाकडे वळले पाहिजे. १९६६ साली फ्रेझर प्रभृतींनी भारतातील लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासाचे संभाव्य कारण म्हणून ग्रीनिंगकडे बोट दाखविले; १९६७ साली कपूर, राव व विश्वनाथ यांनी सायला ही कीड त्याची वाहक असल्याचे दाखविले. तेव्हा रोगकारक विषाणू मानला जाई; पुढे तो अन्नवाहिन्यांत राहणारा जीवाणू ठरला. वाहिन्या तुंबतात व पानातील पिष्ट तेथेच साचते. पिष्टाचे कण ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवितात. फ्लोरिडातील संशोधकांनी हाच धागा पकडला: पानावर ५९० नॅनोमीटरच्या सुमाराचा ध्रुवित प्रकाश टाकावयाचा व कॅमेऱ्यापुढे काटकोनात दुसरा ध्रुवक ठेवावयाचा. पिष्टाने भरलेला भाग त्यात उजळ दिसतो, जस्ताच्या अभावाने पिवळा पडलेला तसा दिसत नाही.

फांदीची साल वलयाकार सोलली गेली तरीही पिष्ट साचते, हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून उजळ दिसलेली पाने वेगळी काढून जीवाणूच्या डीएनएच्या तपासणीस पाठवावयाची, आणि तिचा निकाल येईपर्यंत कुऱ्हाड बाजूस ठेवावयाची.