काचेला भाव नाही

गेल्या महिन्यात जुन्या प्रयोगशाळेतून फोन आला: प्लाझ्माचा चेंबर भंगारात निघाला, किलोवर. स्टेनलेस स्टील असल्याने भाव बरा आला म्हणे.

माझी त्याच्याशी गाठ पडली २००४ साली, पुण्यात. चेंबरची त्याआधीची वर्षं अर्ज, निविदा आणि धूळ यांतच गेली होती. २००७ मध्ये केंद्राने नॅनो मिशनला पाच वर्षांसाठी १००० कोटी मंजूर केले आणि जो तो नॅनोवाला झाला. आम्ही मात्र आधीपासून तेच करत होतो: लोहाच्या ऑक्साइडची नॅनो पूड.

आमची कृती वेल्डिंगवाल्याला चटकन कळावी अशी. चेंबरमध्ये आर्गॉन आणि जोडीला ऑक्सिजन भरायचा, टंगस्टनचा कॅथोड खालच्या लोखंडाला टेकवून अलगद वर उचलायचा, की आर्क पेटला. गाभ्यात तापमान दहा हजार केल्विनच्या घरात. लोखंडाची वाफ ऑक्सिजनला भेटते आणि इतकी झटकन निवते, की कणांना वाढायला सवडच मिळत नाही. सगळा खेळ त्या निवण्याचा, म्हणून दुहेरी भिंतीत पाणी खेळतं ठेवायचं. आणि गुरुवारी पुण्यात पाणी बंद! चेंबर चालवणारे काका मात्र आवाजावरूनच सांगायचे, ‘आर्क डगमगतोय, करंट बघ.’

चेंबर उघडला की भिंतीवर काजळीसारखी साय. ती कुंचल्याने बटर पेपरवर झाडायची. खालून लोहचुंबक फिरवला की पूड साळिंदरासारखी काटे फुलवायची.

एका खेपेची पूड काळी निघाली. वरिष्ठांनी शोधनिबंधात मॅग्नेटाइट लिहिलं. चार महिन्यांत ती बाटलीतच तपकिरी पडली, जुन्या कॅसेटच्या फितीसारखी. मी म्हटलं, मॅगहेमाइट झालंय, मॉसबाउअर चाचणी करून बघू. क्ष-किरणांत दोन्हींच्या रेषा जवळजवळ एकाच जागी येतात. वरिष्ठ म्हणाले, ‘जुळल्या ना? मग झालं!’ निबंध तसाच छापला. बाटली अजून माझ्या कपाटात आहे.

आम्हाला हरवलं ते साध्या बीकरने. लोहाचे दोन क्षार, वर अमोनिया. फ्रान्सच्या मासार यांची १९८१ची रीत. त्यांचे कण आमच्यापेक्षा एकसारखे, हे कबूल; आमच्या एकाच बाटलीत पाच नॅनोमीटरचं पोर आणि पन्नासचा बाप्या. पण आमची पूड कोरडी, ना धुणं ना सांडपाणी. आता तर कण बनवायला तुळस उकळा, कडुनिंब उकळा, शेवगा उकळा. पाला बदलला की निबंध नवा.

काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

फोनवर मी विचारलं, चेंबरची ती बघायची गोल काच तरी ठेवलीत का? धुराने तपकिरी पडलेली?

‘ती भंगारवाल्याने तिथेच काढून टाकली. काचेला भाव नाही म्हणाला.’