चमक मोजा, गिरकी ओळखा

सूर्यास्तानंतर तासाभराने मोकळ्या जागेतून आकाश पाहिले, तर ताऱ्यांमधून संथपणे सरकणारा एखादा ठिपका हमखास दिसतो. त्याला विमानासारखे लाल-हिरवे दिवे नसतात आणि उल्केसारखा तो क्षणात विझतही नाही. तो असतो कृत्रिम उपग्रह. आपल्याकडे अंधार पडला तरी काहीशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असते. तेच त्याच्या अंगावरून परावर्तित होऊन आपल्याला दिसते.

बहुतेक उपग्रह एकसारखे उजळ दिसतात. काही मात्र ठरावीक अंतराने लखकन चमकतात आणि पुन्हा मंदावतात. ते बहुधा निकामी उपग्रह किंवा प्रक्षेपकाचे रिकामे टप्पे असतात. चालू उपग्रह सहसा आपली दिशा सांभाळतो. नियंत्रण सुटले की तो गिरक्या घेऊ लागतो. त्याचा एखादा सपाट पृष्ठभाग योग्य कोनात आला की आरशासारखी तिरीप आपल्यापर्यंत पोहोचते.

युरोपचा 'एन्व्हिसॅट' हे याचे ठळक उदाहरण. २००२ मध्ये सोडलेल्या, सुमारे आठ टन वजनाच्या या उपग्रहाशी एप्रिल २०१२ मध्ये संपर्क तुटला. पुढच्या वर्षी लेसरने मोजले तेव्हा तो साधारण सव्वादोन मिनिटांत एक गिरकी घेत होता आणि त्याचा वेग हळूहळू कमी होत होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरताना धातूच्या सांगाड्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते ब्रेकसारखे काम करतात.

या गिरकीची एवढी दखल का घ्यायची? १० फेब्रुवारी २००९ रोजी निकामी 'कॉसमॉस २२५१' चालू 'इरिडियम ३३'वर आदळला आणि दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे कक्षेत विखुरले. अशा टकरी टाळायच्या, तर अवजड कचरा पकडून खाली आणावा लागेल. गरगरणारी वस्तू पकडायची, तर ती किती वेगाने फिरते हे आधी कळायला हवे.

वेधशाळा हे काम करतातच; पण हौशी निरीक्षकही अनेक दशके अशा नोंदी ठेवत आले आहेत. त्यासाठी दुर्बीण आणि स्टॉपवॉच पुरते. पहिल्या चमकेला 'शून्य' म्हणून घड्याळ सुरू करा, दहाव्या चमकेला थांबवा आणि आलेल्या सेकंदांना दहाने भागा. ४२ सेकंद लागले, तर दोन चमकांमधले अंतर ४.२ सेकंद. मात्र हा गिरकीचाच काळ असेल असे नाही. दोन बाजू चमकत असतील, तर एका गिरकीत दोन चमका दिसतात.

तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा. उपग्रहाचे नाव आणि तो दिसण्याची वेळ मोबाइल अॅपवर मिळते. काही महिन्यांनी तोच उपग्रह पुन्हा मोजा. आकडा बदललेला दिसला, तर त्याची गिरकी मंदावतेय की वाढतेय, याचा अंदाज तुम्हाला घरच्या गच्चीवरूनच येऊ लागेल.