मागची गाडी का डुलते

अमेरिकेत मोटारीमागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडणाऱ्या प्रत्येकाला विक्रेता एक प्रश्न हमखास विचारतो : स्वे कंट्रोल बसवायचा ना? स्वे म्हणजे डुलणे. मी डेन्व्हरला राहतो. आमचा ट्रेलर पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, सामान भरल्यावर ६८० किलोचा; ओढणारी मोटार १,९०० किलोची. उन्हाळ्यात वायोमिंगमधून इंटरस्टेट ८० या महामार्गाने जायचे होते. तिथला वारा कुप्रसिद्ध आहे. जोर फार वाढला की हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. मागच्या सीटवर दोन मुले असणार. तेव्हा हो-नाही ठरवण्याआधी ट्रेलर मुळात डुलतो कशाने, हे समजून घेणे भाग होते.

भरलेली बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातले अर्धे ठाऊक आहे. ओझे चाकांच्या मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. म्हणून गाडीवान पोती थोडी पुढे सरकवतो. ट्रेलरचेही तेच; फक्त वेग बैलाचा नसतो, आणि फरक सगळा तिथेच पडतो. शेजारून ट्रक गेला किंवा वाऱ्याचा झोत आला की ट्रेलर हिचच्या गोळ्याभोवती किंचित वळतो. टायर त्याला परत ओळीत ओढतात, तो ओळ ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो, पुन्हा परततो. कमी वेगात हे झोके आपोआप विरतात. वेग वाढतो तसे ते विरायला जास्त वेळ लागतो. एका ठरावीक वेगाला ते विरेनासे होतात, आणि त्यापुढे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. हा घातक वेग प्रत्येक जोडीचा वेगळा. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात मुद्दाम वजने हलवता येतील असा ट्रेलर बनवून प्रयोग झाले. भार कुठे ठेवला आहे याचा स्थिरतेवर मोठा परिणाम होतो, असे त्यांत दिसले. सामान टोकांना विखुरले की तो वेग खाली येतो; चाकांजवळ गोळा केले, आणि पुढचा भार बेताचा राखला, की वर जातो.

आता स्वे कंट्रोल. छोट्या ट्रेलरला बसवतात तो बहुधा एक पोलादी दांडा असतो. तो घर्षणाच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून सरकतो आणि मूठ फिरवून आवळता येतो. मागे घेताना तो काढावा लागतो, निसरड्या रस्त्यावर सैल करावा लागतो. पण खरी मेख वेगळी आहे. कोरडे घर्षण दर झोक्यात जी ऊर्जा खाते ती झोक्याच्या रुंदीच्या प्रमाणात असते; घातक वेगापुढे झोक्याला मिळणारी ऊर्जा मात्र रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लहान थरथर दांडा गिळून टाकतो आणि मोठ्या धक्क्यापुढे हरतो. वाईट रीतीने भरलेल्या ट्रेलरवर तो बसवला, तर चालकाला सावध करणारी थरथर तेवढी नाहीशी होते. मला हे सर्वांत धोक्याचे वाटते.

जर्मनीत कायद्याने याचा हिशेब मांडला आहे. तिथे ट्रेलर ओढताना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. १९९८ पासून अटी पाळणाऱ्यांना १०० ची मुभा आहे. ब्रेक आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेला कॅराव्हॅन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ०.८ पटीपर्यंत असेल, तर ही मुभा स्टॅबिलायझरशिवायही मिळते. स्टॅबिलायझर लावला की ती पट १.० होते. उपकरणाला दिलेले श्रेय एवढेच, आणि तेही जड कॅराव्हॅनसाठी. आमची पट ०.३६ भरते. आमच्या ट्रेलरला शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाहीत, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा लागू होत नाही. पण अंदाज येतो.

उरला पुढचा भार. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा असे सांगतात. (युरोपात याहून कमी चालतो, पण तिथे वेगही कमी.) थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरमध्ये स्वयंपाकाचा ओटा मागच्या दारात असतो, म्हणून पाणी, बर्फाची पेटी, शेगडी सगळे मागेच जाते. ट्रेलर सपाट उभा करून त्याची जीभ, म्हणजे हिचला अडकणारे टोक, स्नानघरातल्या वजनकाट्यावर टेकवली : ४५ किलो. साडेसहा टक्के. मग पाण्याचे कॅन आणि बर्फाची पेटी, मिळून ६० किलो, चाकांमागे दीड मीटरवरून चाकांपुढे ३० सेंटिमीटरवर आणली. चाकांपासून गोळा तीन मीटरवर, म्हणजे ६० गुणिले १.८ भागिले ३ : ३६ किलो वाढायला हवेत. काटा ८१ वर थांबला. बारा टक्के, आणि वजनही मधोमध.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची मर्यादा आहे. वायोमिंगमध्येही तीच पाळायची आणि वारा फार असेल त्या दिवशी मुक्काम वाढवायचा, असे घरात ठरले. डुलणे सुरू झालेच तर मोटारीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. हे बायकोनेही रिकाम्या पार्किंगमध्ये करून पाहिले.

दांडा मी घेतला नाही. पुढे याहून दुप्पट वजनाचा ट्रेलर घेतला तर घेईन, आणि तेव्हाही आधी काट्यावरचे वजन पाहीन. दांडा अडकवायचा छोटा गोळा ट्रेलरच्या जिभेवर कारखान्यातूनच बसवून आला आहे; तो तसाच राहू दिला आहे.