समुद्रावरचा वारा आणि खानदेशची केळी

रावेर-यावलकडे केळीची बाग निसवते, घड पोसत येतात आणि मे-जूनमध्ये वादळ उठते. वर्षभराची मेहनत तासाभरात आडवी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. यातली काही वादळे इथल्याच उन्हाने उठतात, काही मात्र अरबी समुद्रात जन्मतात. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ वादळ मध्य महाराष्ट्रावरून ईशान्येकडे गेले. अशा वादळाचा जोर ते समुद्रावर असतानाच मोजण्याची एक युक्ती शास्त्रज्ञांनी काढली आहे.

पौर्णिमेला तापीच्या डोहाकाठी उभे राहून पाहा. पाणी शांत असले की चंद्र ताटात ठेवल्यासारखा अख्खा दिसतो. वारा सुटला की तो मोडतो आणि पाण्यावर लांब चमचमता पट्टा पसरतो. पट्टा पाहूनच वाऱ्याचा अंदाज येतो.

आता चंद्राच्या जागी उपग्रह धरा. मोबाईलवर रस्ता दाखवणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रात्रंदिवस रेडिओ लहरी सोडतात. त्या समुद्रावर आपटून पुन्हा वर उसळतात. १९९३ साली युरोपीय अवकाश संस्थेच्या मार्टिन-नेइरा यांनी या वाया जाणाऱ्या लहरींवरून समुद्राची पातळी मोजण्याची कल्पना मांडली. पुढे अमेरिकेच्या ‘नासा’ने वारा मोजण्यासाठी १५ डिसेंबर २०१६ रोजी ‘सिग्नस’ नावाचे आठ छोटे उपग्रह सोडले. गंमत म्हणजे त्यांचे रॉकेट विमानाच्या पोटाला बांधून वर नेले आणि आकाशातूनच सोडले! हे उपग्रह स्वतः काही पाठवत नाहीत, फक्त ऐकतात. म्हणून खर्च कमी. लहर वीतभर लांबीची, त्यामुळे मुसळधार पावसातूनही आरपार जाते आणि वादळाच्या पोटातला वारा कळतो.

हीच युक्ती जमिनीवरही चालते. ओली जमीन लहरी जोरात परतवते, कोरडी कमी. सिग्नसच्या फेऱ्या विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्यावरून होतात, त्यात आपला खानदेशही येतो. पण भुलू नका. त्यांच्या नकाशातल्या एका चौकोनात कित्येक गावे मावतात आणि ओल कळते ती वरच्या दोन-तीन बोटांची. आपली काळी जमीन वरून भेगाळलेली असली तरी खाली ओल धरून असते. तेव्हा पाणी द्यायचे की नाही, हे फूटभर खणून, मातीचा गोळा मुठीत दाबूनच ठरवा.

सिग्नस हा संशोधनाचा प्रयोग आहे. आपल्याला इशारा देते ते भारतीय हवामान खाते, आणि ते अनेक साधने एकत्र पाहून देते. वादळाचा इशारा ऐकला की बागेचे पाणी थांबवा. ओल्या जमिनीत झाड लवकर उन्मळते. घड लागलेल्या झाडांना बांबूचे टेकू द्या, वजनदार घडांच्या झाडांना आधी. काढणीला आलेले घड उतरवून घ्या. आणि बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट ओळ नसेल, तर पुढच्या लागवडीबरोबर ती जरूर लावा.