विश्लेषण : ‘फेरारी एफ४०’ सिम्युलेटरमध्येही गरकन का फिरते? टर्बो लॅग म्हणजे नेमकं काय?

रेसिंग सिम्युलेटरमध्ये ‘फेरारी एफ४०’ निवडणाऱ्या नवख्यांचा पहिला लॅप बहुतेक वेळा एकाच पद्धतीने संपतो. वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. क्षणभर काहीच होत नाही, म्हणून पाय आणखी खाली जातो आणि पुढच्याच क्षणी गाडी गरकन फिरून कठड्यावर आदळते. दोष गेमचा नसतो, या गाडीचा स्वभावच तसा आहे. तो कसा आणि ती ताब्यात कशी ठेवायची, हे समजून घेऊ.

‘एफ४०’ इतकी खास का?

कंपनीच्या चाळिशीनिमित्त १९८७ मध्ये ही गाडी आली. संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत सादर झालेली ही शेवटची फेरारी. १९८८ मध्ये त्यांचं निधन झालं. २.९ लिटरचं व्ही८ इंजिन, दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती आणि ताशी ३२४ किलोमीटरचा कमाल वेग. कंपनीच्या आकड्यांनुसार इंधन-तेलाशिवाय वजन फक्त ११०० किलो. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, चाकं घसरताना ताकद आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोलही नाही. जेमतेम तेराशे गाड्या बनल्या आणि आज लिलावात त्या कोट्यवधी रुपयांना जातात. त्यामुळे बहुतेकांसाठी ही गाडी ‘चालवण्याचा’ एकमेव मार्ग म्हणजे सिम्युलेटर.

टर्बो लॅग म्हणजे काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि ते जादा हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. पण इंजिनाचा वेग कमी असताना धुराचा जोर कमी असतो आणि चाकाला गती पकडायला वेळ लागतो. पाय दाबणं आणि ताकद मिळणं यांतल्या या अंतरालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात. ‘एफ४०’मध्ये ही ताकद उशिरा येते आणि आली की एकदम येते. वळणात स्टिअरिंग वळलेलं असताना ती मागच्या चाकांवर आली, तर टायरची पकड सुटते.

सिम्युलेटरला हे कसं कळतं?

इटलीच्या कुनोस सिम्युलात्सिओनी या कंपनीचा ‘असेटो कोर्सा’ २०१४ मध्ये आला आणि त्यात ‘एफ४०’ आहे. गाडीच्या इंजिन फाइलमध्ये टर्बोचा दाब किती वाढू द्यायचा, तो किती वेगाने चढेल आणि किती वेगाने उतरेल, याचे वेगवेगळे आकडे असतात. टायर आणि सस्पेन्शनवरचा भार सेकंदाला शेकडो वेळा मोजला जातो. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलसाठी ‘फॅक्टरी’ पर्याय निवडला, तर ‘एफ४०’ला यातलं काहीच मिळत नाही, कारण मूळ गाडीतही ते नव्हतं.

मग ही गाडी चालवायची कशी?

* ब्रेक सरळ रेषेत : जोराचं ब्रेकिंग वळणाआधीच संपवा. एबीएस नसल्याने चाकं जाम झाली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.
* गिअर आधीच उतरवा : इंजिनाचे फेरे चढे राहिले की टर्बोही फिरता राहतो आणि लॅग कमी होतो.
* अ‍ॅक्सिलरेटर लवकर, पण हळू : ताकद उशिरा येणार हे धरून पाय थोडा आधी टेकवा. स्टिअरिंग जसं सरळ होईल, तसा दाब वाढवा.
* पाय झटकन उचलू नका : मागची बाजू सरकली की घाबरून पाय उचलला जातो. मग भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी आणखी फिरते. मागची बाजू ज्या दिशेला जातेय, त्याच दिशेला स्टिअरिंग वळवा आणि लगेच सरळ करा.

हे प्रत्यक्षात उपयोगी पडतं का?

काही प्रमाणात, हो. ‘ग्रॅन टुरिस्मो’ या गेममधून पुढे आलेल्या ब्रिटनच्या यान मार्डनबरोने २०११ मध्ये ‘जीटी अकादमी’ स्पर्धा जिंकली आणि २०१३ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात संघासह तिसरा क्रमांक मिळवला. पण खुर्चीत बसून गाडी घसरू लागल्याचं अंगाला जाणवत नाही. ते टायरच्या आवाजावरून आणि हलक्या झालेल्या स्टिअरिंगवरून ओळखावं लागतं. शिवाय चूक झाली की एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. २०१५ मध्ये जर्मनीतील नूर्बुर्गरिंगवर मार्डनबरोची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली, तेव्हा एका प्रेक्षकाचा जीव गेला.

आपल्या रोजच्या गाडीशी संबंध काय?

सध्याच्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांतही लॅग असतो, मात्र तो बराच सौम्य असतो. घाटात वरच्या गिअरमध्ये ओव्हरटेक करायला गेलं, की गाडी क्षणभर ‘उचलत’ नाही आणि तेवढ्यात समोरचं वाहन जवळ येतं. अशा वेळी गिअर आधी उतरवा, रस्ता मोकळा असल्याची खात्री करा आणि मगच बाहेर पडा. गाडीची हद्द किती, हे तपासण्याची जागा मात्र स्क्रीनच आहे, रस्ता नाही.